उघड्या हातांचा दलाल

आधीच सांगतो, हे लिहिण्याचा अधिकार मला नाही. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात नांगराखेरीज दुसरं काही कुणी हातात धरलेलं नाही. कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच, त्यामुळे चार वाक्यं सरळ लिहिताना अजूनही हात अडखळतो. ज्या माणसाविषयी लिहायचं आहे त्याच्या देवाविषयी मला फार थोडं ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे तेही त्याच्याकडे बघून कळलेलं. शिवाय त्याच्याविषयी बोलायची तोंडं गावात पुष्कळ होती, मी मात्र बोलायला हवं तेव्हाच गप्प राहिलो. वाचणाऱ्यांनी हे सगळं ध्यानात ठेवून पुढचं वाचावं आणि मला माफ करावं.

आमचं गाव शेणव्याच्या पलीकडे, शहापूर तालुक्यात. भात आणि नागली, याशिवाय काही पिकत नाही. मी त्याला मामा म्हणत असे. नात्याने तो आमचा कुणी नव्हता, पण मूळचा आईच्या माहेरच्या गावचा, म्हणून मामा. पूर्वी तो बैलांचा दलाल होता. घाटावरचे बैल कसाऱ्याला उतरत, तिथून तो हाकत आणी, आणि पौषात म्हसा गावच्या जत्रेला विकी. ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालतं, आणि बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. विकणाऱ्याशी एक बोट, घेणाऱ्याशी दुसरं, आणि मधला फरक दलालाचा. मामाचा हात रुमालाखाली असा चाले की, लोक म्हणत, त्याच्या बोटांना डोळे आहेत. अकरा वर्षांच्या बैलाचे दात कानशीने घासून तो सहा वर्षांचा करी. ताडी पिई, बायकोला मारी. हे सगळं मी ऐकलेलं. मला कळू लागलं तेव्हा तो माणूस संपला होता आणि त्याच्या जागी दुसराच कुणी तरी त्याच्या घरात राहत होता.

हे कसं झालं ते तो स्वतः सांगे, आणि न विचारता सांगे. म्हशाला एक मराठी उपदेशक बैलगाडी घेऊन यायचा, पुस्तकं विकायचा आणि पेटी वाजवून गायचा. एका वर्षी त्याचा बैल मेला. मामाने त्याला डाव्या डोळ्याने आंधळा बैल विकला. पुढल्या पौषात उपदेशक तोच बैल जुंपून आला आणि मामाच्या शेजारी येऊन बसला. मामा म्हणे, मी काठी सावरून तयारच होतो. पण उपदेशक एवढंच म्हणाला, की तुमच्यावरचा राग वर्षभर मनात होता, तो काढून टाकायला मला फार झगडावं लागलं, आता तो गेला आहे, तेवढं सांगायला आलो. मग त्याने भाकरी सोडली, अर्धी मामाला दिली. "मारलं असतंन तर बरं झालं असतं," मामा म्हणे. "माराची मला सवय व्हती. त्या अर्ध्या भाकरीचं काय करायचं तेच कळंना."

त्यानंतर वर्षाच्या आत त्याने बाप्तिस्मा घेतला. गावाने त्याला वाळीत टाकलं. लग्नाकार्याचं बोलावणं बंद, विहीर बंद. तो ओढ्यात खड्डा करून झिरपलेलं पाणी भरी आणि दोन घागरी स्वतः डोक्यावरून आणी. बायकोचं काम पुरुष करतो म्हणून पोरं त्याच्यामागून हसत जात. बायकोने धर्म सोडला नाही. दारातली तुळस तशीच राहिली, आणि तुळशीला घालायचं पाणीही मामाच आणी. ती माझ्या आईला म्हणायची, "गो बाय, याचा येशू याला लखलाभ. पण माज्या आंगावर वळ नाय उठला त्या दिसापासून. हे कसं केलंन त्या येशूनं, मला इचारू नको."

बाप्तिस्म्यानंतर त्याने अंगावर एकही मोकळं फडकं ठेवलं नाही. रुमाल नाही, पंचा नाही, थंडीत घोंगडीसुद्धा नाही. म्हणे, फडकं दिसलं की माझा हात आपोआप त्याच्याखाली जातो. बंडीला बाह्यासुद्धा कोपरापर्यंतच. कुणाशी बोलायला बसला की दोन्ही हात पालथे न ठेवता उताणे गुडघ्यावर ठेवी, भीक मागायला बसल्यासारखे. त्यावरून म्हशाच्या बाजारात त्याचं नाव पडलं उघड्या.

खरं बोलण्याचं त्याला वेड लागलं होतं, आणि ते नेहमी सोयीचं नसे. वाटेत कुणी सहज "काय दादा, बरं हाय ना?" म्हटलं की तो थांबे, विचार करी आणि उत्तर देई, की नाही, बरं नाही, सकाळी बायकोवर ओरडलो. लोक त्याला लांबून पाहून वाट बदलीत. एकदा माझ्या वडिलांनी त्याला आमची भाताची उडवी दाखवली. तो म्हणाला, गेल्या सालाहून कमी आहे आणि रचलीही वाकडी आहे. वडील आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. बायको म्हणे, "लबाड व्हता तवा शेजारी तरी येत व्हते."

त्याला वाचता येत नव्हतं. गावात शाळेत जाणारा मी एकटा, म्हणून दुपारी खळ्यावर बसून त्याचं शुभवर्तमानाचं पुस्तक मी त्याला वाचून दाखवी. येशूला बघायला झाडावर चढलेल्या आणि मग लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या त्या ठेंगू जकातदाराची गोष्ट त्याने माझ्याकडून किती वेळा वाचून घेतली असेल सांगता येत नाही. ती ऐकून तो उठला, आणि आपण फसवलेल्या माणसांना शोधत गावोगाव फिरू लागला. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याला सहा वर्षांपूर्वी त्याने म्हातारा बैल तरुण म्हणून विकला होता. शेतकऱ्याला याचा पत्ताच नव्हता, बैल राबून राबून मेला होता आणि घरातली माणसं अजून त्याची आठवण काढीत. मामाने जाऊन सांगितलं, तो सहा नव्हता, अकरा वर्षांचा होता. शेतकऱ्याने काठीच काढली. मामा परत आला तो कपाळाला हळद लावून, आणि खूश होऊन. मी विचारलं, कशाला गेलात, तो सुखात होता की. मामा म्हणाला, तो होता, मी नव्हतो.

पण हळूहळू एक गोष्ट घडली, ती मी डोळ्यांनी पाहिली. मामाने जत्रेला जाणं सोडलं नव्हतं. गुरांच्या बाजाराच्या एका कडेला तो उताणे हात घेऊन बसे. कुणी जनावर विकायला दिलं तर आधी त्याची खोड मोठ्याने सांगे, मग भाव मोठ्याने सांगे. पहिली दोन-तीन वर्षं नुसता तमाशा झाला. लोक खोड ऐकायला जमत आणि हसून जात. मग एक आला, दुसरा आला. पुढे पुढे तर असं झालं की भिवंडी-कल्याणकडची माणसं म्हशाला आली की आधी विचारत, उघड्या कुठे बसलाय? त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवून "घे" म्हटलं की कुणी दात बघत नसे. गाव त्याला पाणी देत नव्हतं, पण बाजार त्याचा शब्द घेत होता. येशू माणूस बदलतो म्हणतात ते खरं की खोटं, हे आमच्याकडच्या लोकांना पाहायचं तर मामाच्या त्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. दहा वर्षं खपून त्याने ती एवढी एकच गोष्ट उभी केली होती.

ती मी मोडली.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या पौषातली गोष्ट. मी मॅट्रिकला बसणार होतो. पुढे मुंबईला कॉलेजात घालायचं वडिलांच्या मनात होतं आणि त्यासाठी आमच्या जोडीतला पांढरा बैल विकावा लागणार होता. बैल देखणा, गाडीला पळायचा. पण त्याला एक खोड होती. तो चिखलात बसे. भातलावणीच्या चिखलात नांगराला जुंपला की मध्येच गुडघे टेकी, मग मार खाऊन मेला तरी उठत नसे. भाताच्या मुलखात याहून वाईट खोड नाही. आणि पौषात चिखल कुठला? जत्रेत ती कुणाला कळणं शक्य नव्हतं.

वडिलांनी मामाला बैल विकून द्यायला सांगितलं. मामा आनंदाने तयार झाला. म्हणाला, चिखलात बसतो हे सांगू, ज्याला गाडीला हवा तो घेईल, भाव थोडा उतरेल एवढंच. थोडा उतरला असता तर माझं कॉलेज हुकलं असतं.  जत्रेत वडिलांनी बैल मामाकडे नेलाच नाही, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बांधला.

दुपारी कल्याणकडचा एक शेतकरी आला. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं शांत. त्याने दात पाहिले, बैल चालवून पाहिला, शेपटी ओढून पाहिली. सगळं पसंत पडलं. मग त्याने विचारलं, एवढा चांगला बैल विकता कशाला? वडिलांना खोटं बोलता येईना. ते बैलाच्या मानेवरची गोचीड काढू लागले. शेतकरी संशयाने मागे सरकला. तो निघणार असं दिसलं तेव्हा मी पुढे झालो. माझ्या डोक्यावर शाळेची टोपी होती.

मी म्हटलं, "आमच्या गावचा उघड्या मामा हाय ना, त्यानं बघितलाय."

"उघड्यानं?" तो थांबला. "काय बोलला तो?"

"खोड नाय बोलला."

तेवढंच. तो मामापर्यंत दोनशे पावलं चालून गेलासुद्धा नाही. जायची गरजच काय होती? वडिलांनी खांद्यावरचा पंचा हातावर टाकला, त्याने खाली हात घातला, आणि सौदा झाला. परतीच्या वाटेवर वडील माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. म्हसा मागे पडल्यावर, वळून न बघता, ते एवढंच बोलले, "शिकलास खरा तू."

मॅट्रिक पास झालो. मृग लागून गेला होता, मी दुसऱ्या दिवशी मुंबईला निघणार होतो, पत्र्याची ट्रंक भरून दारात ठेवली होती. त्या सकाळी तो शेतकरी दोन माणसं आणि पांढरा बैल घेऊन मामाच्या दारात उभा राहिला. भाताच्या रोपांसाठी केलेल्या राबाच्या पहिल्याच चिखलात बैल बसला होता. गाव जमलं. मी आणि वडीलही गेलो, न जाणं दिसलं असतं म्हणून.

शेतकरी शिव्या देत नव्हता, तेच वाईट होतं. तो मामाला म्हणाला, दलालाने फसवलं असतं तर मी घरी बसून कपाळ बडवलं असतं, इतक्या लांब आलो नसतो, पण तुझं नाव ऐकून मी दात बघायचं सोडलं.

मामाने बैलाकडे पाहिलं. आमचा बैल तो न ओळखता कसा? मग त्याने गर्दीत पाहिलं. माझ्या वडिलांकडे, आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोट दाखवील. आणि, लाज वाटते पण लिहितो, मी मनात म्हणत होतो की याला सवयच आहे लोकांचं ऐकून घ्यायची.

मामा म्हणाला, "माज्या नावावर घेतलास ना? मग बैल माजा."

तो खोटं बोलला नाही, हे मला फार उशिरा कळलं. आपण बैल पसंत केला असं तो म्हणाला नाही, खोड नाही असं सांगितलं होतं असंही नाही. पण लोकांनी ऐकायचं ते ऐकलं. कुणी तरी मागून म्हणालं, "येशूवाला शेवटी दलालच रे." दुसरा म्हणाला, दहा वर्षं खरं बोलला ते याच दिवसासाठी, एका मोठ्या घावासाठी. हशा झाला. मामा गोठ्यात गेला, आपल्या जोडीतला उजवीकडचा बैल सोडून आणला आणि पांढऱ्याच्या बदल्यात त्याचा दोर शेतकऱ्याच्या हातात दिला. ऐन लावणीच्या तोंडावर त्याची जोडी मोडली. त्याची बायको दारात उभी होती.  तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आसनगाव स्टेशनवर मला पोचवायला मामा आला. मी नको म्हटलं तरी ट्रंक त्याने डोक्यावर घेतली. सगळी वाट मी बोलायचं ठरवत होतो. एवढ्या वाटेत मी बोललो ते पावसाविषयी. स्टेशन दिसू लागलं तेव्हा विचारलं, "मामा, तुमी सांगितलं का नाय?"

त्याने ट्रंक खाली ठेवली आणि मान चोळली. "ते सांगायचं तुजं हाय रे. मी सांगितलं तर तुज्याकडं काय राहील?" मग ट्रंक पुन्हा उचलताना म्हणाला, "माजं सगळं पाप एकानं आंगावर घेतलंन. तवा मी तरी कुठं लगेच बोललो? म्हशात ताडी पीत बसलो व्हतो."

गाडी आली. मी चढलो. त्याला मी नमस्कारही केला नाही. वाकलो असतो तर रडलो असतो, आणि रडलो असतो तर परत गेलो असतो.

पुढल्या पौषात मी कॉलेज बुडवून म्हशाला गेलो. सांगायलाच गेलो होतो. मामा नेहमीच्या जागी उताणे हात घेऊन बसला होता. सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्याकडे एकही जनावर कुणी आणलं नाही. दोन तरुण दलाल हसत आले, एकाने आपला रुमाल त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, घे म्हाताऱ्या, आता लाज कशाची. मामाने रुमाल झटकला नाही. नीट घडी केली, आणि त्या पोराला परत दिला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. मी घोंगड्यांच्या दुकानामागे उभा होतो. तिथूनच परत फिरलो.

असं करता करता तीन वर्षं गेली. यंदा आमच्या वसतिगृहात काही ख्रिस्ती मित्रांनी एक लहानशी सभा घेतली. श्रद्धेने माणूस पालटलेला कुणी पाहिला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी उठलो आणि मामाची गोष्ट सांगितली. अर्धी भाकर, घागरी, उताणे हात, म्हशाचा बाजार. तिथपर्यंतच सांगितली. मुलं गहिवरली. एकाने विचारलं, आता ते मोठ्या मानाने राहत असतील? मी म्हटलं, हो.

खोलीवर येऊन मला जेवण गेलं नाही. त्याच्या नावावर मी दुसऱ्यांदा बैल विकला होता.

त्याच दुपारी मी त्या कल्याणकडच्या शेतकऱ्याला लिहिलं. पाकीट घेतलं नाही. गावात कार्ड आलं की शाळेचे गुरुजी ते चारचौघांत वाचतात, म्हणून मुद्दाम कार्डच घेतलं. खोड मला माहीत होती, जत्रेत बैल मामापुढे नेलाच नव्हता, खोटं मी बोललो, असं सरळ लिहिलं. मामाला लिहिलं नाही. त्याला सगळं माहीतच होतं. वाटलं, उत्तर आलं की ते घेऊनच त्याच्यापुढे जाऊन उभा राहीन. वडिलांचं दुसऱ्याकडून लिहवलेलं पत्र वर्षा-सहा महिन्यांत एखादं येई, तेही पैसे पोचले का एवढंच. त्यांत मामाचं नाव कधी नसे, मीही विचारीत नसे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर गुरुजींचं, पण त्यांनी शेतकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. ते इथे देतो. यापुढे मला काही लिहिता येणार नाही.

"तुजं कार्ड पोचलं. सगळ्यांनी ऐकलं. तुला ठावं नसंल तर सांगतो, उघड्या श्रावणात वारला. छातीत कफ झाला व्हता. त्याच्या गावचं कोणी शिवंना, म्हून त्याची बायको, आमी दोगं भाऊ आन मिशनचा एक माणूस, एवढ्यांनी मिळून त्याला माती दिली. तो दर साल भात झोडून झालं की माज्याकडं यायचा. मला वाटं, आपला बैल बघाया येतो. बैलाला हात लावायचा, ओटीवर बसायचा, आन इचारायचा, कोणी आलं व्हतं काय? मी बोलं, कोण यायचं? तो बोलं, येल कोणी तरी, शिकतोय, त्याला टाइम लागंल. मला वाटलं म्हातारपणाचा चळ लागलाय. गेल्या साली चालवत नव्हतं तरी आला आन तेच इचारलंन. मी बोललो, नाय आलं कोणी. तर बोलला, येल. मी माळकरी, मला त्याचा येशू कळत नाय. पण तो कोणाची वाट बघत व्हता ते आता कळलं. तो बोलायचा, माणूस येल. कार्ड येल असं कवा बोलला नव्हता."